चोवीस शब्दांचा पंचनामा

ती शेड आणि तो पंचनामा अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. निवृत्तीला सात महिने राहिले होते. भिवंडीत सहायक फौजदार होतो. सातवी शिकून शिपाई म्हणून भरती झालो आणि तिथून वर आलो. इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, वाचता येत नाही. हे आधीच सांगतो, कारण चूक त्यातूनच झाली.

सकाळी दहाच्या सुमारास पोलीस ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही, आवाज गावचा. "दापोड्याच्या रस्त्याला लूमची जुनी शेड हाय. रातदिन मशीन चालतंय, पन कापड काय भायेर येत न्हाय. येऊन बगा." एवढं बोलून ठेवला.

भिवंडीत लूम चालणार म्हणजे टेम्पो येणार, तागे भरणार. कापड नाही म्हणजे आत दुसरं काहीतरी. मला नशेच्या गोळ्यांचा संशय आला. दोन शिपाई घेऊन गेलो.

आत एकही लूम नव्हता. लोखंडी मांडण्या, त्यांवर चपलांच्या खोक्याएवढी मशीनं, आणि भट्टीपुढं उभं राहिल्यासारखी गरमी. बनियनवर एक चाळिशीचा माणूस बसला होता. शेड त्याचीच. न मागता त्याने वीजबिलं पुढे केली. सगळी भरलेली.

"यातून निघतं काय?"

"कॉइन. काँप्युटरवरचा पैसा."

"दाखव."

"दिसायची वस्तू न्हाय ती, साहेब."

"किती कमावतोस?"

त्याने दाराकडे पाहिलं. तिथे गाव जमलं होतं. "ते सांगनार न्हाय."

"चोरी आहे म्हणून सांगत नाहीस."

"चोरी न्हाय. तरी सांगनार न्हाय."

माझं डोकं सटकलं. झडती घ्यायचं ठरवलं.

झडतीला दोन पंच लागतात. पंच म्हटलं की लोक पळतात. कोणाची बस सुटत असते, कोणाची सासू आजारी असते. त्या दिवशी मात्र दारातला एकजण स्वतःहून पुढे आला. पांढरे कपडे, गळ्यात चेन. येताना चहावाल्यालाही ओढून घेऊन आला. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत जे कधी घडलं नाही ते घडतंय, म्हणून तिथेच शंका यायला हवी होती.

शेडवाल्याला एका शिपायाबरोबर मागे मीटरच्या खोलीत पाठवलं होतं. इकडे टेबलाच्या खणात शाळेची वही सापडली. एका पानावर नंबर टाकून चोवीस इंग्रजी शब्द. चेनवाल्याने वाचून अर्थ सांगितले. छत्री, शेळी, चमचा, असलंच काहीतरी. मला वाटलं ही माल विकायची सांकेतिक भाषा. म्हटलं, शब्द न् शब्द पंचनाम्यात आला पाहिजे.

"मी अक्षरं सांगतो, तुमी लिवा," तो म्हणाला. मोबाईलचा उजेडही त्यानेच धरला. मी चोवीसच्या चोवीस उतरवले आणि त्याचे आभार मानले.

वही, शेडवाल्याचा फोन आणि कागदांची एक फाईल ताब्यात घेतली. फोनला पाकिटात घालून लाखेचं सील केलं. शेडवाल्याला ठाण्यात आणलं.

दोन तास विचारपूस केली. प्रेमाने विचारलं, दरडावून विचारलं. त्याचं एकच, "सांगनार न्हाय." शेवटी पंचनामा सहीसाठी त्याच्या पुढ्यात टाकला. तो वाचत गेला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे शब्द कोनी वाचले?"

"पंचाने."

त्याने खालचं नाव पाहिलं आणि खुर्ची सोडून खालीच बसला. "साहेब, हा माझा चुलतभाव. फोन बी त्यानंच केला आसंल."

मग तो बोलायला लागला. घरची जमीन गोदामाला गेली होती. भावांनी आपापल्या वाट्याच्या गाड्या घेतल्या, लग्नं उडवली. याने मशीनं घेतली. तेव्हापासून सगळ्यांचा डोळा याच्यावर. "एका चुलीवर अकरा मानसं जेवतात आमच्यात. पैसा कळला का त्याचे वाटे पडले. बायको सहा वरसं सवतं, येगळं घर मागते. ते घर ह्या चोवीस शब्दांत हाय. शब्द ज्याच्याकडं, पैसा त्याचा. मधी बँक न्हाय, मॅनेजर न्हाय. गेला तर तक्रार कोनाकडं करू?"

"मग आता?"

"फोन द्या. दहा मिंटात दुसरीकडं हलवतो."

सील केलेला फोन संशयिताच्या हातात द्यायचा. तो लबाड निघाला तर पैसा गायब, पुरावा गायब आणि माझी पेन्शनही गायब. बंदोबस्तावर असलेल्या मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही जागेवर होता, तुम्हीच ठरवा." याचा अर्थ प्रत्येक पोलिसाला कळतो: अंगाशी आलं तर निस्तरायचं तुम्हीच.

आमच्याकडे एक महिला शिपाई होती, बी.कॉम. झालेली. तिच्या हातात ती फाईल दिली. तिने पाच मिनिटं चाळली.

"काका, ही इन्कम टॅक्सची रिटर्न्स आहेत. तीन वर्षांची. या कॉइनवर सरळ तीस टक्के कर आहे, वीजबिलसुद्धा वजा करून देत नाहीत. याने सगळं दाखवलंय, भरलंय. आपणच हा माणूस उगाच उचलून आणला."

"अरे मग शेडमध्ये का नाही बोललास?" मी शेडवाल्यावर ओरडलो.

"दारात कोन उभा व्हता, बगितलात काय?"

भर गर्दीत एखाद्याला कमाई विचारायची आणि गप्प बसला की चोर ठरवायचं, हे मी केलं होतं.

पंचनामा फाडता येत नाही, तो गुन्हा. पण सील तोडून नोंद करता येते. स्टेशन डायरीत वेळ टाकली, कारण लिहिलं, सही केली आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याने नवे चोवीस शब्द कागदावर उतरवायला घेतले. मी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसलो. ताब्यातल्या माणसाकडे पाठ करायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तरी बसलो. भिंतीवरच्या फरार आरोपींच्या फोटोंकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, भावाने आधीच हात मारला असेल तर याच्या बायकोला काय तोंड दाखवू?

"झालं," मागून आवाज आला.

"पैसे सगळे आहेत?"

"सगळे हायेत."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. मी दोन नवे मागवले.

दुसऱ्या दिवशी चेनवाला ठाण्यात हजर. "साहेब, पंचाला पंचनाम्याची एक प्रत भेटते काय?"

"कशाला?"

"आसंच. आठवन म्हनून."

"माझ्या नोकरीत आठवण म्हणून पंचनामा मागणारा तू पहिला. काल उजेड धरलास तेव्हा फोटो काढायचा राहिला वाटतं. आता ते शब्द रिकामे आहेत."

तो ओशाळला, पण हटला नाही. "किती निघालं, ते तरी सांगा."

"मशीनं निघाली."

गुन्हा काही नव्हताच. चौकशी दप्तरी दाखल केली, सामान पावती घेऊन परत दिलं.

घरी बायकोनेही विचारलं, "किती होते हो त्याच्याकडं?" मी म्हणालो, "त्याचे तेवढे." ती "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. पुन्हा कधी विषय काढला नाही. ती जाऊन चौदा महिने झाले. असं एका शब्दात समजून घेणारं माणूस पुन्हा मिळत नाही.

लपवतो तो चोर, हे मी नोकरीभर धरून चाललो होतो. माणूस सरकारला सगळं सांगून भावापासून लपवत असेल, हे डोक्यात आलंच नाही. आता नवीन पोरं भेटली की सांगतो, कमाई विचारायची तर आधी दार लावा.

मागच्या महिन्यात गुडघ्यांसाठी वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर गेलो होतो. आधी दोघं जायचो, आता एकटाच जातो. शेडवाला तिथे बायकोबरोबर भेटला. पाया पडला. "साहेब, घर झालं. वडप्याला. दोन खोल्या, पन सवत्या."

त्याची बायको हसली. किती लागले, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. म्हणालो, "पाणी चांगलं आहे का तिथलं?"