गॅसला आंघोळ

ऑपरेशन थेटरच्या कपाटातला कापूस संपायचा, किस्से काही संपायचे नाहीत. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या आमच्या दवाखान्यात दुर्बिणीचं ऑपरेशन नवीन आलं, तेव्हा तर विचारूच नका! मी तिथली थेटर सिस्टर. बेंबीपाशी बारीक भोक पाडायचं, गॅस भरून पोट फुगवायचं आणि दुर्बिणीतून आत बघायचं. सरळ काम! पण त्या 'गॅस' शब्दाने आमचा नुसता छळ मांडला होता.

एका मास्तरीणबाईंना हे समजावलं, तर त्या टेबलावरून उठूनच बसल्या. "अहो, मी गॅसची तक्रार घेऊन आले, आणि तुम्ही आणखी भरताय?"

*

सिलिंडर मिरजोळ्याहून टेंपोने यायचा. सोड्यात भरतात तोच हा गॅस, म्हणून त्याच टेंपोत सोडावॉटरवाल्यांचेही सिलिंडर असायचे. ड्रायव्हर दारातूनच ओरडायचा, "सिस्टर, लेमन की ऑरेंज?"

बाहेर बसलेले पेशंट चपला शोधायला लागायचे!

*

दुर्बीण गार असली की आत गेल्यावर काचेवर वाफ धरायची. एकदा आमच्या डॉक्टरबाई वैतागल्या, "काही म्हणजे काही दिसत नाहीये!"

भुलीचे डॉक्टर कोल्हापूरचे. ते शांतपणे म्हणाले, "आंबा घाटातलं धुकं लागलं वाटतं. हॉर्न वाजवत चला."

तेव्हापासून दुर्बीण आधी कोमट पाण्यात ठेवायला लागलो.

*

पण गॅस गारच जायचा ना! बाया शुद्धीवर येताना कुडकुडायच्या, आणि आत उरलेल्या गॅसने खांदाही दुखायचा. एकीने तर मलाच फैलावर घेतलं, "ऑपरेशन पोटाचं, मग खांदा कुनी मोडला माजा?" बंदरावर बातमी पसरली, 'पोटात थंडी भरतात.' झालं! कोळणी यायच्या बंद झाल्या.

डॉक्टरबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी घरून आंघोळीचं घंगाळ आणलं. त्यात गरम पाणी, पाण्यात निर्जंतुक पाण्याची बंद बाटली, आणि गॅस त्या बाटलीतून बुडबुडत पुढे पेशंटकडे. कोमट आणि ओलसर! भुलीचे डॉक्टर म्हणाले, "आता उटणं तेवढं राहिलं!" हसा खुशाल. कुडकुडणं कमी झालं, हे मी स्वतः पाहिलंय.

*

तरी बंदरावरून पहिली कोण येणार? आल्या मासळीवाल्या पार्वतीकाकू, सुनेला घेऊन. शांताला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. काकू लेकासाठी दुसरी बायको बघायला लागल्या होत्या. शांताने माझा हात घट्ट धरला. "सिस्टर, नळ्या बंद निघाल्या तर मना माहेरला धाडतील."

काकूंनी आधी घंगाळात बोट बुडवून बघितलं. "गॅसला आंगोळ घालता? बरा करता. कोनाच्या पोटात शिरायचा तर न्हाऊनच शिरावा!" मग मी ते पाणी बदललं आणि आम्ही काम सुरू केलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा काकू आणि त्यांचा लेक दारातच उभे होते.

"दोन्ही गर्भनळ्या मोकळ्या आहेत. शांतामध्ये काही दोष नाही. आता तुमच्या मुलाला तपासू."

"मना?" लेक दोन पावलं मागे सरकला. "मना कशाला?"

काकूंनी पदर खोचला. लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याचं मनगट धरून डॉक्टरबाईंपुढे उभा केला.

"बाय, ह्येच्या पन पोटात भरा. आनि तापवू नुका, गारच सोडा!"