सीलबंद डबी आणि ग ओळीतली सात नंबरची खुर्ची

आमच्या घरात देव्हारा नाही. छप्पन साली बानं सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले आणि भुतंखेतंही त्याच टोपल्यातून गेली, असं मी आजवर धरून चाललोय. स्मशानाच्या वाटेनं एकटा जाताना मला कधी काही दिसलं नाही. कुणाच्या अंगात आलं असं कानावर आलं तर मी आधी डॉक्टरचा पत्ता देतो. तेव्हा हे वाचून "म्हातारा चळला" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो.

गोष्ट यवतमाळची, साठ सालानंतरची. मी तिथल्या एका टॉकीजमध्ये तिकीट खिडकीवर होतो. मोठी बहीण वच्छलाअक्का माझ्यासोबत राहायची. नवऱ्यानं टाकलेली. जिनिंगमध्ये कामाला जायची, जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात. दिवसभर नाकातोंडात रुई. घरी आली की खोकत बसायची आणि खोकता खोकता चित्रं काढायची.

कशावर? तर सिनेमाच्या फिल्मवर. रीळ तुटलं की ऑपरेटर खराब तुकडा कापून फेकतो. त्यातले नुसते काळे तुकडे मी तिला आणून द्यायचो. एकदा ऑपरेटरनं तिला सांगितलं की एका सेकंदाला चोवीस चौकटी पळतात, म्हणून पडद्यावरचा माणूस चालतो. झालं. अक्कानं गोधडीची सुई घेतली आणि त्या एवढ्याशा चौकटीत काळं खरवडून पांढऱ्या रेषा काढायला लागली. एकेक चौकट वेगळी, मागचीपेक्षा केसभर पुढे. अशा हजारभर. यात वर्ष गेलं.

"अक्का, हे काय करून राह्यली तू?"

"विहीर काढतो."

"विहीर कायले?"

"आपल्या हातानं ओढलेली बादली वर येतानी कशी दिसते, थे मले एकडाव पाह्यचं हाय."

घाटंजीजवळच्या आमच्या गावात विहिरीच्या काठावर आम्हाला चढू देत नसत. कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं, आपण खाली घागर धरायची. आम्ही धर्म बदलला, विहिरीनं काही बदलला नाही. अक्काच्या सिनेमात एक बाई त्या काठावर पाठमोरी उभी असते. बादली सोडते, ओढते, बादली भरून वर येते. चाळीसेक सेकंदांचा खेळ. शेवटी त्या बाईनं मागे वळून पाहायचं, असं अक्काच्या मनात होतं. पण ते होईना. "तोंड जमून नाई राह्यलं रे भाऊ. एवढ्याश्या जागी डोळे काढले का बिघडते," म्हणायची.

त्याच सुमारास मुंबईच्या एका आंतरराष्ट्रीय कार्टून सिनेमांच्या महोत्सवाचा फेरा जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरवायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि तो आमच्या टॉकीजच्या वाट्याला आला. परदेशी सिनेमे दाखवायचे, शिवाय जिल्ह्यातल्या लोकांनी पाठवलेल्यांतला एक निवडून मुंबईला धाडायचा. निवडायला पाच परीक्षक — वकील, डॉक्टर, निवृत्त तहसीलदार, कापसाचे एक व्यापारी आणि आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर. यांतल्या एकानं तरी असला सिनेमा आधी पाहिला होता का, ते विचारू नका. नियम मात्र छापील. रीळ डबीत घालून ती दोऱ्यानं बांधून लाखेनं सीलबंद करायची, वर नाव आणि गाव लिहायचं. पाठवणाऱ्याला खुर्चीचं एक तिकीट मिळायचं, गुलाबी कागदाचं.

मी नियम वाचून दाखवले तेव्हा अक्कानं एवढंच विचारलं, "पाहतीन ना पण थे लोक?"

"पाहतीन म्हणजे? नियमच हाय. सगळ्यांचं पाहा लागते."

हा शब्द मी दिला होता. मी.

माघात अक्का गेली. वळून पाहायचं राहूनच गेलं. डबी मी बांधली — तीन गाठी मारल्या, लाख ओतली आणि ठसा नव्हता म्हणून माझ्या सदऱ्याची कडेला टवका उडालेली गुंडी त्यावर दाबली. नावापुढे "दिवंगत" लिहिलं नाही. मेलेल्यांचं नियमात काही नव्हतं, आणि मेली म्हटल्यावर डबी बाजूला ठेवतील अशी भीती वाटली. तिकिटं मीच फाडून देत होतो, तेव्हा तिचंही काढलं. ग ओळ, खुर्ची सात. ते अख्खं तिकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

रविवारी सकाळी नऊचा खेळ. मी खिडकीवर अडकलेलो, आत जाता येईना. कुठल्याशा देशाच्या सिनेमात नुसता एक चेंडू पायऱ्या उतरत होता म्हणे, त्यावर परीक्षकांनी टाळ्या वाजवलेल्या मला बाहेर ऐकू आल्या. मध्ये चहाची सुट्टी झाली. अकराच्या सुमारास खेळ संपला. वकीलसाहेबांच्या भाच्यानं केलेला एक उंदीर मुंबईला जाणार, असं जाहीर झालं.

ऑपरेटर जिना उतरून थेट माझ्याकडे आला. त्याचं तोंड उतरलं होतं. "भाऊ, तुह्या बहिणीची डबी वर आलीच नाई. मी दोनदा मागितली. ऑफिसातून राहू दे म्हणे."

मी ऑफिसात गेलो. टेबलावर डबी. तीन गाठी तशाच, लाख तशीच, गुंडीचा तुटका टवकासुद्धा तसाच उमटलेला. तिच्याखाली परीक्षकांचे पाच कागद. चौघांनी नुसतं "अपात्र" लिहून सही केली होती. मी मनात म्हटलं, झालं, न पाहताच निकाल लावला. मग पाचवा कागद पाहिला. हेडमास्तरांचं अक्षर मला ओळखू येतं, त्यांच्या हातचा मार खाल्लाय.

"विहिरीचे रेखाटन साधे पण ठीक. बादली वर येण्याची गती उत्तम. तथापि शेवटी ती स्त्री मागे वळून एकटक पाहते, ते अस्थानी वाटते. अपात्र."

मी ते तीनदा वाचलं. सर व्हरांड्यात पान खात उभे होते. डबी त्यांच्यासमोर धरली.

"सर, ही तर उघडलीच नाही."

त्यांनी चष्मा सारखा केला, लाखेकडे पाहिलं. "असं कसं? चहाच्या आधी लावली ना. आम्ही पाचही जणांनी पाहिली."

"शेवटी काय होतं, सर?"

"वळते की ती. अरे, त्या डोळ्यांवरूनच तर बोलणं झालं. तहसीलदारसाहेबांनी मान खाली घातली. वकीलसाहेब म्हणाले, ही आपल्याकडेच का बघते?"

"मग चांगली होती तर नापास काहून केली?"

सरांनी पानाची पिंक टाकली. "एकमतानं ठरलं, नामदेव," म्हणाले. डबीला त्यांनी हात लावला नाही.

चहाच्या आधी मशीनचा दिवा विझलेला होता. ऑपरेटर खाली येऊन बिडी ओढत होता, ते मी स्वतः खिडकीतून पाहिलं. आत पडद्यापुढे जमिनीवर बसलेल्या दोघातिघा प्रेक्षकांना विचारलं, ते म्हणाले पडदा कोराच होता. मग दारावरच्या रहीमचाचांकडे गेलो. चाचांचं काम तिकीट फाडायचं — अर्धं माणसाच्या हातात, अर्धं तारेत ओवायचं.

"चाचा, ग ओळीत सात नंबरला कोणी बसलं होतं काय?"

"हां, आलती ना एक जण. गुलाबी टिकट होतं तिच्यापाशी, म्या फाडलं. खासून राह्यलती लय. म्हटलं, पानी पी ले बेटी. तर नाई म्हणे, उशीर होते." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "टिकट होतं बाबा. मी कायले अडवू?"

तारेत अर्धं गुलाबी तिकीट होतं. ग, सात. मी खिशात हात घातला... खिशातलंही अर्धंच होतं. सकाळपासून सदरा माझ्या अंगावर होता.

त्या दुपारी रिकाम्या टॉकीजमध्ये ऑपरेटरनं लाख फोडली आणि अक्काचा सिनेमा लावला. दोनदा. बाई पाठमोरी उभी राहते, बादली भरून वर येते, आणि पुढे काळं. ती वळत नाही. वळायचं चित्र त्या पट्टीवर नव्हतंच. तिसऱ्यांदा लावू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणालो आणि तिथेच रडत बसलो.

हेडमास्तरांचा कागद मी चोरला. तो आणि तिकिटाचे दोन्ही तुकडे आजही माझ्याकडे आहेत. ज्यांना ज्यांना दाखवले ते म्हणतात, बघा, अक्काच्या मनातलं पुरं झालं, तिला शांती मिळाली. मला या शांतीची चीड येते. अक्का मागच्या दारानं आली नव्हती. तिकीट घेऊन आली, रांगेतून आली, खुर्चीवर बसली. जिवंतपणी जमलं नाही ते तोंडही काढून घेऊन आली. जिल्ह्याच्या पाच शहाण्यांनी ते पाहिलं, पाहिल्याचं एकानं लिहून दिलं, आणि वर उंदीर मुंबईला पाठवला. एवढं करूनही शेरा तोच.

अक्का कशी आली, हे मला आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. अपात्र का ठरली, ते मात्र आमच्या गावच्या विहिरीवर कुणालाही विचारा.