पुऱ्या तळताना हुकलेला शेवट

अन्याय पाच बायकांवर झाला. कधी, तेही सांगते: वर्ल्ड कपच्या वर्षी, रमजान ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दोहातल्या आमच्या मंडळाचा सिनेमा संपायला वीस मिनिटं उरली असताना. पुऱ्या तळायची वेळ तीच. कुणी काही सांगितलं नाही. पाच जणी एकमेकींकडे बघून उठल्या आणि हॉलमागच्या स्वयंपाकघरात गेल्या. पुरुष पाय लांब करून बसून राहिले.

सिनेमा हॉलिवूडचा, जुना, कृष्णधवल, महायुद्धातला. तो वैमानिक, ती टेलिफोन ऑपरेटर. स्टेशन, धुकं, वाफेचं इंजिन, सगळं स्टुडिओत उभारलेलं दिसत होतं, तरी खरं वाटत होतं.

मीही त्या पाचजणींच्या मागे गेले. मी लुसैलला ट्रामच्या कामावर करारानं आलेली. कढईपाशी उभ्या होत्या त्या अल थुमामा भागात राहणाऱ्या काकू, ज्यांनी मी आल्यापासून दर शुक्रवारी मला हक्कानं जेवायला बोलावलं. एकट्या मुलीला इथे कुणी "ये गं, पान वाढलंय" म्हणणं केवढं असतं, ते एकटं राहिल्याशिवाय कळत नाही.

"काकू, शेवट नाही बघायचा?"

"माहितीये गं. मागेही मंडळानं हाच लावलेला, तेव्हाही मी इथंच होते. काकांनी घरी सांगितलं. तो परत येतो, लग्न होतं. छान आहे."

पुऱ्यांचं ताट ठेवायला मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर गाडी थांबली होती. सगळे उतरले. सगळ्यात शेवटी वैमानिकाचा मित्र उतरला, हातात वैमानिकाची टोपी घेऊन. तो परत येतच नाही.

नाशकात कॉलेजात असताना चौकाचौकांत पत्रकं वाटलेली मुलगी मी. गप्प बसायची सवयच नाही. लॅपटॉपपाशी गेले आणि सिनेमा थांबवला.

"अगं, संपतच आला होता," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

"वीस मिनिटं मागे नेतेय. त्या पाचजणी बघतील. पुऱ्या तुम्ही तळा."

"पाचला हॉल सोडायचाय. वर्ल्ड कपच्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग आहे. जेवायचं कधी?"

"पार्किंगमध्ये जेवा."

"या उन्हात? मॅडम, मोर्चे घरी काढायचे, नाशकात."

लोक हसले. तेवढ्यात हमद पोर्टवर नोकरी करणारे एक मालवणी गृहस्थ बाह्या सरसावत उठले. "मी तळतंय. पुरी फुगली नाय तर माका बोलू नकात." त्यांच्यामागून आणखी दोघं गेले.

काकू आणि बाकीच्या चौघी हात पुसत पहिल्या रांगेत येऊन बसल्या. पुन्हा गाडी आली, पुन्हा टोपी आली. एका पोरानं "इज ही डेड?" विचारलं, तर काकूंनीच त्याला मान हलवून हो म्हटलं. मग ओढणीनं डोळे पुसत शेजारी बसलेल्या काकांकडे वळल्या.

"लग्न होतं म्हणालात."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटू दे की. माझं वाईटसुद्धा आधी तुम्हीच चाखून बघणार का?"

काका उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

जेवलो पार्किंगमध्येच, उभ्यानं, घाम पुसत. निम्म्या पुऱ्या चपट्या होत्या. काकूंचे डोळे अजून लाल होते, आणि इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या ताटात भाजी वाढत म्हणाल्या, "शुक्रन हं, बाई."

आभार खरं तर मी मानायचे. मजुरीवर, पाण्यावर, वसतिगृहावर मी पत्रकं लिहिलीत. सिनेमा शेवटपर्यंत बघून रडायचा हक्क त्यांतल्या एकातही नव्हता. तो काकूंनी घातला. मला जेवू घातलं ते वेगळंच.

आता तुम्ही. तुमच्या मंडळात, सोसायटीत, घरात कार्यक्रम रंगात आल्यावर कोण उठून जातं, ते बघा. पुढच्या वेळी त्यांच्या आधी तुम्ही उठा आणि त्यांना खाली बसवा.