आत्याचा अंगठा आणि माझी महागडी शिवणपेटी

मिरजगावहून सुरेखाचा फोन आला. आत्याने सुई खाली ठेवली होती. उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला होता, सुई ओढताच येत नव्हती. डॉक्टरांनी शिवण बंद करायला सांगितलं होतं. सुरेखा ही आत्याची सून. तिची मुलगी पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि बाळाचं दुपटं आत्याच्या पेटीत अर्धवट पडलं होतं. त्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल आत्याच्या हातच्या दुपट्यावर निजलेलं आहे. सुरेखाने बाजारातून आणू असं सुचवलं, तर आत्या दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

मी पुण्यात गोधड्या शिवते. शिवणाचं नवं हत्यार दिसलं की घेते. घरचे म्हणतात, गोधड्या कमी आणि हत्यारं जास्त. त्यांचं बरोबर आहे. हत्यारांची ती सगळी पेटी मी गाडीच्या डिकीत ठेवली आणि शुक्रवारी निघाले. यातलं नेमकं काय घेण्यासारखं आहे, असं तुम्ही अनेकजणी विचारता. सोफ्यावर बसून मला ते कधी नीट सांगता आलं नव्हतं.

पुण्याहून निघायचं तर पहाटे निघा, नाहीतर वाघोलीतच जीव जातो. शिरूर ओलांडलं की रस्ता मोकळा होतो. सुप्याला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागितली तर वेगळी देतात. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून नगर. मार्च होता. ज्वारी निघाली होती, शेतं उघडी पडली होती, कडब्याच्या गंजी रस्त्याकडेला उभ्या होत्या.

भिंगारला मुद्दाम थांबले. छावणीचा भाग सरळ, शांत, झाडांचा. बाजार मात्र जुना आणि दाट. दुपट्याच्या आतल्या बाजूला लावायला मऊ मलमल हवी होती आणि सुती दोरा. दुकानदाराने मलमल मोजली आणि फाडायला दोन्ही हात लावले. मी माझी कात्री पुढे केली. त्याने कापलं. मग काठाची एक चिंधी उगीच कापून पाहिली. कात्रीची किंमत विचारली. मी सांगितली.

‘ताई, एवढ्यात जुनी मशीन येती. पायडलसकट,’ तो म्हणाला.

कात्री परत देताना मात्र त्याने ती आधी कापडाने पुसली. चांगल्या कात्रीवर पैसे घालावेत, हे माझं मत तिथे पक्कं झालं. एकच अट. तिने कागद कापायचा नाही, घरातल्या कुणीही.

गाडी मी उन्हात लावली होती. ही चूक पुढे कळली.

नगरहून सोलापूर रस्त्याला लागलं की तासाभरात मिरजगाव येतं. गाडी नसेल तर एसटी आहे, हायवेवरच उतरवते. आत्याचं घर बाजारपेठेमागे. तिचा मुलगा नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात आहे, तो आठवड्याने येतो. घरात या दोघीच. आत्या ओट्यावर बसली होती. उजवा हात मांडीवर, तळवा वर. तो हात असा रिकामा मी कधी पाहिला नव्हता.

‘मंजे, आलीस व्हय,’ ती म्हणाली. ‘आन दुकानबी घिऊन आलीस.’

पेटी उघडली. आधी माझी फजिती झाली. दुपट्याच्या वरच्या कापडावर मी पुण्यातच रेघा आखून आणल्या होत्या, उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाने. इस्त्री फिरवली की रेघ जाते, म्हणून ते पेन घेतलं होतं. भिंगारच्या उन्हात तापलेल्या डिकीने इस्त्रीचं काम आधीच केलं होतं. सुरेखाने कापड उलटंपालटं करून पाहिलं आणि रेघा कुठल्या अंगाला आहेत ते विचारलं. नगरकडे ते पेन नेऊ नका. उन्हाळ्यात तर नकोच.

कापडाचे थर चिकटवायचा फवारा आत्याने हुंगला आणि बाटली माझ्या हातात परत दिली. बाळाचं नाक यावर टेकणार आहे, एवढंच म्हणाली. मीही तो पुन्हा घेणार नाही.

गोल पात्याचा कटर तिने हातात धरून पाहिला. ‘हे तर करंजीचं कातणं.’

तसंच आहे ते. फक्त चार पदर एका दमात कापतं. सुरेखा गावातले ब्लाउज शिवते. तिने कटरखाली घालायची चटई जमिनीवर पसरली, पारदर्शक पट्टी गुडघ्याखाली दाबली आणि माझ्या कापडाऐवजी जुन्या नऊवारीचे चौकोन कापायला लागली. एकसारखे, कोपऱ्याला कोपरा. मला वर्षभर सराव करून जमलं नव्हतं, असं मी सांगितल्यावर ती हसली आणि तुमची पट्टी हलत असेल म्हणाली. कटर आणि चटई महाग आहेत, पण शिवणारीच्या घरात ती पडून राहत नाहीत. पातं दर वेळी मिटायचं, एवढं ध्यानात ठेवा.

मग मी अंगुस्तान काढलं, सुई ढकलताना टोचू नये म्हणून बोटात घालतात ते. आत्याचं जुनं, लोखंडी, आता बोटात जात नव्हतं. माझं चामड्याचं आहे. टोकाला स्टीलची लहान चकती, बाजूला ताणणारी पट्टी. सुजलेल्या बोटातही ते बसतं. त्याच्याबरोबर रबराच्या दोन टोप्या. एक अंगठ्याला, एक पहिल्या बोटाला. सुई त्यांनी धरली की निसटत नाही, चिमटीत जोर लावावा लागत नाही. आत्याने ते सगळं चढवलं आणि हात फिरवून पाहिला. बाहुल्याचं लग्न लागलंय, म्हणाली. मग एका चिंधीत सुई घातली आणि मधल्या बोटाच्या चकतीने ढकलली. रबराने ओढली. सुई आली.

तिने पुढचा टाका घातला. सुरेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती भाकऱ्या थापायला परत गेली तेव्हा भांडी जरा जास्तच खुशीत वाजली. जेवायला इकडची खास शिपी आमटी होती आणि गरम भाकरी. त्यासाठी वाट वाकडी करावी अशी.

शनिवारी सकाळी मी घाई केली.

लाकडी रिंग मला दाखवायची होती. दोन गोल चौकटी, मध्ये कापड ताणून बसवायचं. आत्याच्या डाव्या हाताला कापड आवळून धरावं लागणार नव्हतं. आत्या अंघोळीला गेली होती. अर्धवट दुपटं आदल्या रात्रीच उसवून, वरचे नवे चौकोन लावून आम्ही कच्चे टाके घालून ठेवलंच होतं. मी रिंग मधोमध बसवली. शिकवणाऱ्या सगळ्या व्हिडिओंत हेच सांगतात. मधून सुरू करा, बाहेर जा, म्हणजे चुण्या पडत नाहीत. मी मधे धावदोऱ्याच्या दाट ओळी घातल्या. छान आल्या. आत्या खूश होईल असं वाटलं.

आत्याने केस पुसत दुपट्याकडे पाहिलं.

‘पोट आदी शिवलंस?’

मला कळेना. सुरेखाने सांगितलं. त्यांच्याकडे दोरा काठाने सुरू होतो आणि फेऱ्या घेत आत येतो. शेवटी मधे तळहाताएवढी जागा उरते. ते पोट. तिथे भाकरीचा वाळलेला तुकडा ठेवायचा आणि मग ते शिवायचं. गोधडीला घास दिल्याशिवाय ती बंद करत नाहीत. उपाशी गोधडी ऊब देत नाही.

सुरेखाने मधला मार्ग काढला. यंदा घास कोपऱ्यात ठेवू.

‘तुला जेवाय वाडलं तर मी ताट उंबऱ्याभाईर ठिवते का?’ आत्या म्हणाली.

मग तिने रबराच्या टोप्या काढल्या. अंगुस्तान काढलं. तिन्ही वस्तू पेटीत जिथल्या तिथे ठेवल्या. ‘झ्याक हाय तुजं सामान. आता तूच शीव.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती ओट्यावर जाऊन बसली. हात मांडीवर, तळवा वर.

पेटीच्या तळाशी टाके कापायची उसवणी होती. दोन दातांची, मधे धार, एका दाताच्या टोकाला लाल मणी. माझ्या सगळ्या खरेदीत ती क्षुल्लक वाटली होती. चांगल्या कंपनीची घ्यायची म्हणून घेतली, इतकंच. स्वस्त उसवणी जुनं कापड ओरबाडते आणि ही नऊवारी आत्याच्या सासूची होती. मी ओट्यावर तिच्याजवळ जाऊन बसले. रिंग सैल केली. मणी कापडावर टेकवून एकेक टाका कापायला लागले. दोरा सुटत गेला. कापडाला धक्का लागला नाही.

आत्या आधी रस्त्याकडे बघत होती. मग माझ्या हाताकडे. थोड्या वेळाने तिने तुटलेले दोरे उचलून वेगळे करायला सुरुवात केली.

मधला भाग पुन्हा मोकळा झाला. आत्याने त्यावरून तळवा फिरवला, भोकं राहिली का ते पाहिलं. नव्हती राहिली.

प्रश्न रिंगचा होता. ती काठाला बसत नाही, पकडायला कापडच पुरत नाही. सुरेखाने यावर विचार केला आणि आतून जुनं धोतर आणलं. त्याच्या पट्ट्या दुपट्याच्या चारी बाजूंना कच्च्या टाक्यांनी जोडल्या. आता रिंगला धरायला धोतर होतं आणि दुपट्याचा काठ रिंगच्या मधे आला. काम झालं की पट्ट्या काढून टाकायच्या. रिंग घेणार असाल तर हे करून बघा. तिच्यासोबतच्या कागदावर असलं काही लिहिलेलं नाही.

आत्याने हात पुढे केला. ‘आन त्या टोप्या.’

ती शिवायला बसली. मी दिवसभर दुसरं काही केलं नाही, गावही पाहिलं नाही. तिचे टाके आखल्याशिवाय सरळ जातात. कोपऱ्यात ती कापड फिरवते, स्वतः हलत नाही. आता रिंग फिरत होती. चकती सुई ढकलायची, रबर ओढायचं, आणि टक्‌ असा बारीक आवाज यायचा. दर दोन ओळींनंतर ती हात झटकायची आणि थांबायची. तेव्हा मी विचारलं, दुखतं का.

‘दुकतं की. पन सुई येतीय.’

रविवारी मी निघाले तेव्हा पोटाकडे जायला थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. थांबायचा मोह झाला, पण सुट्टी नव्हती. अंगुस्तान, टोप्या, रिंग आणि कटर तिथेच ठेवले. सुरेखा कटरची किंमत देऊ लागली. मी तिच्याकडून एक ब्लाउज शिवून घ्यायचं ठरवलं. आत्याने फडक्यात भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. परतीच्या वाटेवर शिरूरला चहा घेतला, वाघोलीत अडकले. तेही सांगून ठेवते.

बुधवारी सुरेखाने फोटो पाठवला. दुपटं ओट्यावर पसरलेलं, पट्ट्या काढलेल्या. काठापासून आत जाणाऱ्या फेऱ्या, एकात एक. मधे शेवटचा लहान चौकोन, शिवलेला. पूजा सोमवारी आली होती. घास तिनेच ठेवला. फोटोखाली सुरेखाने लिहिलं होतं, आई म्हणतात पोट भरलं. त्याखाली आणखी एक ओळ होती. शेजारच्या काकूंना पण तसलं अंगुस्तान पाहिजे, त्यांचा हात बरा आहे, तरी पाहिजे.

हत्यारांचं एवढंच सांगते. अंगुस्तान घ्या. उसवणी चांगली घ्या.

माझ्या सोफ्यावर माझी पहिली गोधडी असते. मधून बाहेर शिवलेली, एकही चुणी नसलेली. फोटोत छान दिसते. थंडीत तिच्यावर आणखी एक चादर लागते. मी आजवर दोष कापसाला दिला.

आत्याच्या फडक्यात भाकरीचा एक तुकडा उरला होता. तो मी खिडकीत वाळायला ठेवला. मग पेटीतून उसवणी काढली आणि गोधडीचा मध्य शोधला.