कार्डात बसतं

११ मार्च. खरेदी रक्कम ६,४८,२१०. राउटरचं लाइन कार्ड, चोवीस पोर्टचं, एक नग. बिलावर सही माझी आहे आणि त्यातली चूकही माझीच.

कार्ड मागितलं होतं हिरवेकाकांनी. हे त्यांचं आडनाव नव्हे. नेटवर्क कसं आहे, असं कधीही विचारलं की ते म्हणत, "हिरवं आहे." म्हणजे पोर्टचे दिवे हिरवे आहेत. त्यावरून पडलेलं नाव. आमच्या विमा कार्यालयात ते अकरा वर्षं करारावर होते. करार दर ३१ मार्चला संपायचा आणि पुन्हा वर्षभर वाढायचा.

तळमजल्यावरची पंख्यांच्या घरघरीची खोली त्यांची. शाखांच्या तारा तिथल्या राउटरमध्ये येत. जुन्या कार्डाला तार जोडायचे आठ पोर्ट, त्यातले तीन मेलेले. शाखा नऊ. उरलेल्या पाच पोर्टांवर ते नऊ शाखा पाळीपाळीने चालवत, दर दोन तासांनी तारा बदलून. डबा उघडला की फोन वाजे. त्यांची बायको म्हणे, "त्या पेटाऱ्यालाच एकदा घरी जेवायला घेऊन या. कोणी तरी वेळेवर जेवेल."

दोन वर्षं मागे लागल्यावर कार्ड मंजूर झालं. मला त्याचे गुण समजावताना ते जरा खुलले होते. प्रत्येक पोर्ट स्वतंत्र, एक बिघडला तरी बाकीचे चालू. जुना वेगही चालतो, नवाही. शिवाय राउटर बंद न करता कार्ड काढता-घालता येतं.

"आमचंही तसंच," ते म्हणाले. "चालू असतानाच बदलतात."

त्याला कारण होतं. साहेबांनी सांगितलं होतं, अमुक सोमवारी नऊच्या नऊ शाखा एकदम सुरू दिसल्या तर करार वर्षभर वाढवतो. नाहीतर देखभाल बाहेरच्या कंपनीकडे.

मागणीपत्रात दोन ओळी होत्या. पहिली कार्डाची, दुसरी मॉड्यूलची, नऊ नग. मी विक्रेत्याच्या कारकुनाला फोन केला.

"मॉड्यूल कार्डात बसतं ना?"

"हो, कार्डातच बसतं."

मी दुसरी ओळ लाल शाईने कापली. इतकी वर्षं हिशेब पाहिल्यावर एखादी ओळ कापता आली की बरं वाटतं.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, काकांनी कार्ड बसवलं. वर्षअखेरीच्या कामाला मीही आलो होतो. खालून फोन आला, "अकाउंटसाहेब, जरा येता का?"

कार्डाच्या तोंडावर चोवीस रिकामी चौकोनी भोकं होती.

"तार यात थेट जात नाही," ते म्हणाले. "आधी बोटाएवढं मॉड्यूल घालायचं, मग त्यात तार."

"पण तो म्हणाला, कार्डात बसतं."

"बसतंच की. आधी विकत आणावं लागतं."

मी किमतीत बसतं का विचारलं होतं. त्याने भोकात बसतं असं सांगितलं होतं. काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते गुडघे धरून स्टुलावर बसले. जुन्या कार्डातली चालू पाच मॉड्यूलं काढून त्यांनी नव्यात घातली. पाच दिवे लागले.

"साहेबांना मी सांगतो, ओळ मी कापली," मी म्हणालो.

"सांगा. त्याने चार शाखा सुरू व्हायच्या नाहीत."

ते जुन्या सामानाच्या बाजारात गेले आणि पाचच्या सुमारास चार वापरलेली मॉड्यूलं स्वतःच्या खिशातून, रोखीने घेऊन आले. तीन लागली. चौथं पुसून घातलं, पोर्ट बदलून घातलं, तरी दिवा लागला नाही.

सोमवारी साहेबांनी पडद्यावर शाखा मोजल्या. "आठ. मी नऊ म्हणालो होतो."

मी चूक सांगितली. त्यांनी माझ्यापुढची फाईल मिटली. "तुम्ही वर्षभरात निवृत्त होणार. कशाला अंगावर ओढून घेता?"

तेव्हा मी ते लिहून द्यायला हवं होतं. दिलं नाही. काकांना तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली, तीही बाहेरच्या कंपनीच्या माणसांना काम समजावून देण्यासाठी. सही कुठे करायची एवढंच त्यांनी विचारलं.

मॉड्यूलांचं व्हाउचर मी केलं. पूर्वमंजुरी नाही म्हणून ते परत आलं. मी खिशातून पैसे देऊ केले, तर काका म्हणाले, "तुमच्याकडून कशाला? ऑफिसचं देणं आहे." जूनअखेर ते गेले. त्यांचे ११,२०० अजून द्यायचे आहेत.