कॉम्प्युटरपुढं वाढलेलं पान

अखाजीसाठी मी समुद्रपूरला माहेरी आले, तर आई दारातच म्हणाली, "बॅग ठेव अन् आधी कॉम्प्युटर पाह्य. चालूच नाई होऊन राह्यला." चहा नाही, पाणी नाही! मी चिडलेच.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, पान वाढतात. दादा कारंज्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याचं पान आईला कॉम्प्युटरपुढंच वाढायचं होतं, कारण त्याचा आवाज त्यात होता. नवा माईक आणला तेव्हा तपासायला म्हणून तो बोलला होता, "आई, चहा टाक वं. ऐकू येऊन राह्यलं का?" बस्, एवढंच. आई ते रोज ऐकायची. आज ते ऐकल्याशिवाय ती पान वाढणार नव्हती.

मशीन विंडोजच्या चित्रापर्यंत यायचं आणि तिथंच मुकाट बसायचं. लग्नाआधी मी हिंगणघाटला कॉम्प्युटर क्लास केला होता. एफ-एट दाबून सेफ मोडमध्ये शिरले. डिस्क पार भरलेली. टेंपररी फायली काढल्या, रिसायकल बिन रिकामं केलं, दादाचे गेमही उडवले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडलं. मग परत सेफ मोडमध्ये जाऊन मोठ्या फायली शोधल्या. ढीगभर निघाल्या, सगळ्या आवाजाच्या. हे काय बाप्पा?

"आई, हे कोणं भरलं?"

ती खाली पाहत म्हणाली, "मीच. तो रोज इचारते ना, ऐकू येते का म्हणून. मंग जवाब नोको देऊ काय त्याले?"

भजनं भरायला म्हणून लाल बटण आणि सेव्ह दादानंच तिला शिकवलं होतं. वर्षभर ती त्याच्याशी बोलत बसली होती.

"वर्ध्याले नेऊन सीडीवर उतरवून घेऊ," मी म्हटलं. "मंग पुसू."

"अन् आज सणाच्या दिवशी त्याले उपाशी ठेवू? पूस वं माह्यं. मी आहो ना अजून."

मी पुसलं. मशीन सुरू झालं. दादा बोलला. आईनं पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाढला, आणि माझ्यादेखत पहिल्यांदा मोकळी रडली.

त्यानंतर तिनं लाल बटण कधी दाबलं नाही. मशीन पुन्हा बिमार पडंल, म्हणायची.

आता अखाजीला मी दोन पानं वाढते. दादाचा आवाज माझ्या मोबाईलवर आहे. तो चहा मागतो, ऐकू येतं का विचारतो. आईचा आवाज कुठंच नाही. वर्षभर ती त्याला काय काय सांगत होती, त्यातला एक शब्दही मी ऐकला नाही. सेफ मोडमध्ये आवाज चालत नाही.