गडावर कोणी काय व्हायचं

श्रावणातला शनिवार, १९६४. लोणावळा, आमची मधली खोली.
हजर: सासूबाई. धाकटी जाऊ. शेजारचे भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. दूध घालणाऱ्या मावशी, वडिवळ्याच्या. आणि मी, घरातली थोरली सून.
गैरहजर: दोघे कर्ते पुरुष, कामावर.
शेगडी एक, तिच्यावर बांबूचं उपडं डालगं, डालग्यावर ओली धोतरं.

डालग्याचं आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ते शेकावे लागतात. कोणीतरी शेगडीपाशी बसून ते उलटत राहावं लागतं. नाहीतर एका बाजूने करपतात आणि दुसऱ्या बाजूने त्यांना बुरशी धरते. या कामाच्या पाळ्या मी लावून दिल्या होत्या. पाणी, भाकऱ्या, डबे, सासूबाईंचं पथ्य, सगळ्याच्याच पाळ्या मी लावत असे आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागे डकवत असे. घर चोख चाले. कोणाची तक्रार नव्हती, किंवा असली तरी तक्रारीसाठी कागदावर जागा नव्हती.

पाळी एकाची असली तरी उबेला सगळेच येऊन बसत. भाऊंच्या घरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून ते येत. मावशी दुधाची किटली रिकामी करून कामशेतची परतीची गाडी होईपर्यंत टेकत. त्या वर्षी आषाढ संपता संपता सासूबाईंच्या तक्रारी संपल्या. असं घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. दुपार जाईना. तेव्हा मी एक खेळ काढला.

खेळ सोपा होता. एक गड आहे, खाली शत्रूचा वेढा पडला आहे, दाणागोटा आटत चालला आहे. प्रत्येकाने कोणीतरी व्हायचं. मी सांगणारी. मी विचारायचं, "आता तुम्ही काय करता?" त्यांनी उत्तर द्यायचं. ते जमलं की फसलं हे सासूबाईंच्या सारीपाटाच्या सहा कवड्यांनी ठरवायचं: निम्म्या किंवा जास्त उताण्या पडल्या तर जमलं. मग पुढे काय झालं ते पुन्हा मी सांगायचं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, ज्याला जे व्हायचं असेल ते व्हा.

सासूबाई म्हणाल्या, "मी गडावरची देवी."

भाऊ म्हणाले, "मी मालगाडीचा गार्ड."

"गडावर मालगाडी कुठली, भाऊ?"

"घाट चढते ती गड का नाही चढणार? मागून बँकर लावू." बँकर म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणारं इंजिन. भाऊंची सगळी नोकरी त्याच्यापुढे गेली होती.

मावशी म्हणाल्या, "म्या वाघ. अंदार पडला का खाली उतरनार, येकेकाला उचलनार."

"मावशी, माणूस व्हायचंय."

"मानूस हाईच की वैनी मी. त्यात काय व्हायचं?"

जाऊ सगळ्यांत शेवटी बोलली. "ताई, मी शत्रूकडची होऊ?"

"शत्रू माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी सांग." तिने दुसरं काही सांगितलं नाही.

मग मी विचारलं, "आता तुम्ही काय करता?" सासूबाईंनी कवड्या टाकल्या, सगळ्या उताण्या पडल्या आणि देवीने शत्रूला आंधळं केलं. चहाच्या आत वेढा उठला. धोतरं ओलीच होती आणि सांगायला काही उरलं नव्हतं.

ज्यांना हवं ते होऊ देऊन खेळ चालत नाही, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. मी नियम केले. देव, जनावर आणि वाहन कोणी व्हायचं नाही. गडावर लागतील तेवढीच माणसं घ्यायची. आणि ज्याला जे येतं तेच त्याने व्हायचं, म्हणजे कवड्यांचाही घोळ कमी. त्याप्रमाणे वाटणी केली. सासूबाई किल्लेदाराची आई झाल्या. भाऊ दरवाजावरचे पहारेकरी. मावशींनी गडावर दूध पोचवायचं. जाऊ मुदपाकखान्यात. किल्लेदार कोणालाही दिला असता तर बाकीचे रुसले असते, म्हणून तो मी माझ्याकडे घेतला. वाटणीत कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या शनिवारांचे खेळ असे झाले.

"आता तुम्ही काय करता?"

"भाकऱ्या थापते," जाऊ म्हणायची.

"किती?"

"सकाळी थापल्या तेवढ्याच."

सासूबाई म्हणायच्या, "मी सुनेला बोलते." भाऊ म्हणायचे, "दरवाजा बंद." पुढच्या खेपेला म्हणायचे, "दरवाजा बंदच." मावशींनी एकदा किटली उचलता उचलता सांगून टाकलं, "वैनी, ह्ये करायला गडावर कशापायी चडायचं? हितं खालीच करतो की आमी. त्ये बी फुकाट."

मी म्हटलं, वेढ्यात असंच असतं. आणि ते खरंच होतं.

आता जावेचं सांगायला हवं. ती पवनेच्या खोऱ्यातल्या शेतकरी घरातली, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन आली तेव्हापासून सकाळच्या भाकऱ्या आणि दोन डबे तिच्या नावावर होते. तळेगावला बालवाडीच्या शिक्षिकांसाठी वर्षभराचा वर्ग निघणार होता, दसऱ्यापासून. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. तिने आषाढात मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "दिवाळीनंतर बघू." दसऱ्याला सुरू होणाऱ्या गोष्टीबद्दल आमच्या घरात दिवाळीनंतर बघू म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. भावजींना तिने विचारलं, ते म्हणाले, "वहिनी म्हणेल तसं." सासूबाईही तेच म्हणाल्या. यात दुष्टपणा कोणाचा नव्हता. कागदावर भाकऱ्यांपुढे लिहायला दुसरं नाव नव्हतं, एवढंच.

वर ज्या शनिवारची हजेरी दिली आहे, त्याच्या नंतरच्या सोमवारी वर्गाला नाव कळवायची मुदत संपत होती. हे पाचही जणांना ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

मी गड मांडला. जाऊ म्हणाली, "ताई, आज मी मुदपाकखान्यात नाही. शत्रूकडची होते."

"गडावर लागतील तेवढीच माणसं. नियम आहे."

"मी गडावर कुठे आहे? मी खाली आहे."

भाऊंना एकदम तरतरी आली. "बरोबर आहे. गडाखाली कोणी असू नये असा नियम मला तोंडपाठ नाही. आहे का तसा?"

तसा नियम नव्हता. तो करायचा माझ्याकडून राहिला होता, आणि खेळ मांडल्यावर नियम बदलणं माझ्या शिस्तीत बसत नव्हतं. शिवाय गड माझा होता. दरवाजा बंद, कोठारात दाणा, तटावर तेल तापत ठेवलेलं. एका माणसाने खालून काय होणार? मी म्हटलं, "हो शत्रू."

तिने पाट उचलला आणि शेगडीपासून लांब, दाराशी जाऊन बसली. तिथे फटीतून वारा लागत होता. पदर घट्ट घेतला आणि तिने पहिल्यांदा भाऊंना हाक मारली.

"पहारेकरी! किती दिवस दरवाजा बंद आहे?"

"खेळ लागल्यापासून बंदच आहे, बाई."

"आमच्या छावणीत एक मालगाडी उभी आहे. गार्ड नाही तिला. बँकर लावलेलं आहे."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बँकर मागून लावलंय ना? नीट?"

"मागून."

"मग लाइन क्लिअर," म्हणून भाऊंनी कवड्या टाकल्या. जमलं. दरवाजा उघडला.

"अहो भाऊ, तुम्ही गडाचे पहारेकरी!" मी म्हटलं.

"होतो," भाऊ म्हणाले.

ती मावशींकडे वळली. तिच्या बोलण्यात आता माहेर उतरलं होतं. "मावशी, आमच्याकडं वाघाची जागा मोकळी हाय."

"रातचं फिरू देताल?"

"देऊ की."

"मंग न्हाई कशाला म्हनू?" मावशींनी कवड्यांना नीट हातसुद्धा लावला नाही, नुसत्या सांडल्या. तरी जमलं.

मी सासूबाईंवर भिस्त ठेवली होती. किल्लेदाराची आई, घरातलं वडील माणूस. जाऊ त्यांना म्हणाली, "आत्याबाई, छावणीत देऊळ बांधून ठेवलंय. आत बसायला कोणी नाही."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "नैवेद्य?"

"रोज. गोडाचा."

कवड्या पडल्या. दोनच उताण्या. मी म्हटलं, "फसलं." सासूबाईंनी तर्जनीने एक कवडी उताणी केली आणि म्हणाल्या, "ही वाऱ्याने पालथी झाली होती." दार बंद होतं. पण देवीशी वाद कोण घालणार?

गडावर मी एकटी उरले. जावेने मला विचारलं, "आता तुम्ही काय करता?"

हे वाक्य माझं होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं आणि त्याला उत्तर द्यायला किती कमी जागा असते ते तेव्हा कळलं. तेल ओतावं तर ओतायला माणूस नव्हतं. मी म्हटलं, "अटी काय?"

ती बहुतेक हे बोलायचं ठरवूनच बसली होती. "किल्लेदार गडावरच राहतील. किल्ल्याही त्यांच्याच कमरेला. फक्त सकाळच्या गाडीला एक माणूस बाहेर सोडायचं आणि संध्याकाळच्या गाडीला आत घ्यायचं. दसऱ्यापासून वर्षभर."

मग करपल्याचा वास आला. भाऊंचं धोतर, काठाकडून. मी सवयीने विचारलं, "डालग्याला पाळी कोणाची?"

"हिची," सासूबाई म्हणाल्या. "पण ती कुठे आता गडावर आहे?"

धोतर मीच उलटलं. मग म्हटलं, "सोमवारी नाव कळव."

माझं मन पाझरलं, असं नंतर मावशींनी गावभर सांगितलं. तसं काही नव्हतं. माणसं सगळी खाली गेली होती आणि माझ्या बाजूला एक शेगडी उरली होती. इतक्या सामानावर गड लढवत नाहीत, हा साधा हिशेब आहे. भाऊंना वाटलं माझा राग गेला नसेल, म्हणून ते जाताना म्हणाले, "वहिनी, धोतराचं काही नाही हं. काठ दुमडून घेईन."

जाऊ वर्षभर तळेगावला गेली. पुढे तिने गावात बालवाडी काढली. मुलांना ती गोष्टीतली सोंगं देते, हे कळल्यावर एकदा मी मुद्दाम जाऊन बसले. मुलांना ती म्हणाली, "ज्याला जे व्हायचंय ते व्हा." मी जिभेवर आलेलं बोलणं गिळलं. लगेच दोन मुलं वाघ झाली. ती म्हणाली, "वाघ एकच. दोन वाघ झाले तर शेळ्या उरत नाहीत. आज हा, उद्या तू."

परत येताना मी तिला म्हटलं, "बघ, शेवटी नियम लागलाच ना?"

"लागला की," ती म्हणाली. "पण ताई, तुमच्या गडावर वाघच नव्हता."

माझं मत तरीही बदललेलं नाही. सांगणाऱ्याने मर्यादा घालावी. देवीला आत घेतलं तर चहाच्या आत खेळ आटोपतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वाघाबद्दल मात्र मी आता पूर्वीइतकी ठाम नाही, आणि मालगाडीबद्दल भाऊ गेल्यानंतर वाद घालायला कोणी उरलं नाही.

एक व्यवस्था तेवढी त्या दिवसापासून तात्पुरती चालू आहे. दारामागच्या कागदावर सकाळच्या भाकऱ्यांपुढचं जावेचं नाव मी त्याच संध्याकाळी खोडलं. तिथे माझं लिहिलं नाही, कारण किल्लेदाराचं नाव त्या रकान्यात येत नाही. गड परत ताब्यात येईपर्यंत भाकऱ्या मी थापाव्यात, असं ठरलं. कवड्या डब्यात आहेत, वर्षं उलटली आहेत, आणि गड घ्यायचा अजून राहिला आहे.